विजेची मोटार आणि सांभाळाची शर्त



बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात बघतो, चाल बघतो, खूर बघतो. मग किंमत ठरते. पण जाणता माणूस तेवढ्यावर थांबत नाही. तो मनात दुसरा हिशेब करतो. याला वैरण किती लागेल? पेंड किती? नाल कधी मारावे लागतील? खरेदीचा पैसा एकदाच जातो, सांभाळाचा पैसा रोज जातो.

यंत्राचेही तसेच असते. आज आपण विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या सांभाळाचा हिशेब वाचणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हांला मोटार कुठे घ्यायची आहे? पण आता विजेची स्कूटर गल्लीत आली आहे, विजेची रिक्षा आली आहे. विजेच्या मोटारी साताऱ्याच्या रस्त्यावर रोज दिसतात. आज ना उद्या अशा एखाद्या गाडीच्या कागदावर तुमची किंवा तुमच्या मुलाची सही होणार. त्या कागदावर काय लिहिलेले असते, हे सही करण्याअगोदर कळले पाहिजे.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या वडिलांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. ते आठवा. सकाळी दांडा मारून ते सुरू करायचे. डिझेल घाला, ऑइल बदला, फिल्टर साफ करा. कधी नोझल बिघडे, कधी पिस्टनच्या रिंगा झिजत. मिस्त्री आला की दिवस जाई आणि खिसाही रिकामा होई. पुढे वीज आली आणि विहिरीवर विजेची मोटर बसली. बटण दाबले की पाणी सुरू. तिच्यात ऑइल नाही, नोझल नाही, रिंगा नाहीत. बेअरिंग गेले तर बदलायचे. वाइंडिंग जळले तर भरून आणायचे. एरवी ती वर्षानुवर्षे चालते.

पेट्रोलची मोटार आणि विजेची मोटार यांच्यात हाच फरक आहे. विजेच्या मोटारीत इंजिनाचे ऑइल नसते. प्लग नसतो, क्लच नसतो, धुराचा नळ नसतो. ब्रेकसुद्धा कमी झिजतात. कारण वेग कमी करताना तीच मोटर उलट काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. मग सांभाळायचे काय? टायर, ब्रेक, चाकांची सरळ रेषा, स्प्रिंगा आणि त्यांचे रबरी बुश, बॅटरी थंड ठेवणारे पाणी, दिवे आणि हॉर्न यांची लहान बॅटरी. शिवाय गाडीच्या आत जो संगणक असतो, त्याची तपासणी. एवढेच.

आणि मुख्य म्हणजे मोठी बॅटरी. विहिरीवरच्या मोटरीला वीज तारेतून मिळते. गाडीला तार बांधून फिरता येत नाही. म्हणून गाडीला आपली वीज पोटात घेऊन फिरावे लागते. हे पोटच सर्वांत महाग असते. सगळी गोष्ट या पोटाभोवती फिरते.

आपल्या देशात रस्त्यावर चांगली फिरलेली पहिली विजेची मोटार म्हणजे रेवा. ती २००१ साली बेंगळूरला विक्रीस आली. लहानशी, दोन दारांची गाडी होती. पुढे इंग्लंडमध्येही ती जी-विझ या नावाने विकली गेली. तिच्या पोटात शिशाच्या आठ बॅटऱ्या असत. ट्रॅक्टरला असते तशाच जातीच्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीत डिस्टिल पाणी घालावे लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. रेवालाही घालावे लागे. न घातले तर बॅटरी सुकते. आणि आठांतली एक बॅटरी खराब झाली तर उरलेल्या सातांवर भार पडतो. एका जोखडात आठ बैल आणि त्यांतला एक लंगडा, असा प्रकार होतो.

म्हणून त्या काळी सांभाळाची शर्त घालणे हे अगदीच चुकीचे नव्हते, असे मला वाटते. मालकाने पाणी घातले नाही आणि बॅटरी मेली, तर कारखान्याने नवी का द्यावी? शिवाय त्या गाडीचे मिस्त्री मोजकेच होते. गावातला मिस्त्री पेट्रोलच्या गाडीत हुशार. पण एवढ्या बॅटऱ्यांच्या विजेला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. कारखान्याचा माणूस येणार, तपासणार, त्याचा पगार कोणी द्यायचा? गाड्या थोड्या, म्हणून प्रत्येक गाडीवर खर्चाचा वाटा मोठा. नवी वस्तू सर्वांत आधी घेणाऱ्याला असा खर्च थोडाफार सोसावाच लागतो.

सन २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र कंपनीने रेवाचा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. मार्च २०१३ मध्ये त्यांनी ई-टू-ओ नावाची नवी गाडी काढली. हिची बॅटरी शिशाची नव्हती, लिथियमची होती. मोबाइलमध्ये असते त्या जातीची, पण पुष्कळ मोठी. हिला पाणी घालावे लागत नाही. पण ती फार महाग. गाडीची किंमत ऐकून गिऱ्हाईक मागे फिरू लागले.

तेव्हा कंपनीने २०१४ साली एक युक्ती काढली. गाडी कमी किमतीत घ्या आणि बॅटरीसाठी दरमहा पैसे भरा. ही रक्कम होती महिन्याला २,५९९ रुपये, पाच वर्षांपर्यंत.

आता पाटी-पेन्सिल घ्या. पाच वर्षांचे महिने किती? साठ. दोन हजार पाचशे नव्व्याण्णव गुणिले साठ. उत्तर येते १,५५,९४० रुपये. म्हणजे दीड लाखाच्या वर. महिन्याची रक्कम लहान दिसते, पाच वर्षांची मोठी दिसते. हप्त्याच्या कोणत्याही कागदावर महिन्याची रक्कम मोठ्या अक्षरांत असते. गुणाकार आपल्याला स्वतः करावा लागतो.

आणखी एक गोष्ट बघा. गाडी महिन्याला ८०० किलोमीटर फिरली, तर या २,५९९ रुपयांचा भार किलोमीटरमागे सव्वातीन रुपये पडतो. पण गाडी ४०० किलोमीटरच फिरली तर? मग किलोमीटरमागे साडेसहा रुपये पडतात. आणि गाडी दारात उभीच राहिली तर महिन्याचे २,५९९ रुपये नुसतेच गेले. सालगडी आणि रोजंदारी यांतला फरक तुम्हांला मी काय सांगावा? सालगड्याला पाऊस पडून काम बंद राहिले तरी पगार द्यावा लागतो. ज्याला रोज काम आहे त्याला सालगडी परवडतो. ज्याला आठवड्यातून दोन दिवस काम आहे, त्याने रोजाने माणूस लावावा. दरमहा ठरीव रक्कम भरण्याची शर्त ज्याची गाडी पुष्कळ चालते त्याला सोसते, थोडी चालते त्याला महाग पडते. ई-टू-ओ गाडी पुढे २०१९ च्या सुमारास बंद झाली.

विलायतेतही असेच झाले. फ्रान्समध्ये रेनो कंपनीने झोई नावाची विजेची गाडी काढली. गाडी मालकाची, पण बॅटरी कंपनीची आणि तिला दरमहा भाडे, असा तो करार होता. पुढे गाडी जुनी झाली, विकायला निघाली. तेव्हा घेणाऱ्याला कळले की बॅटरीच्या भाड्याचा करारही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. स्वस्तात गाडी मिळाली म्हणून आनंद झाला आणि भाडे गळ्यात पडले. जुनी विजेची गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा : बॅटरी कोणाच्या मालकीची आहे?

आता अमेरिकेची गोष्ट. तिथल्या टेस्ला कंपनीने २०१२ साली मॉडेल एस नावाची मोठी विजेची मोटार विकायला काढली. तीच कंपनी जुलै २०२५ मध्ये मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडून बसली आहे. तर तेव्हा कंपनीने सांगितले की, दर वर्षी ६०० डॉलर भरून गाडी आमच्याकडून तपासून घ्या. त्या वेळच्या भावाने हे तीस-बत्तीस हजार रुपये झाले. आणि वर शर्त अशी की, तपासणी केली नाही तर हमी धोक्यात येईल.

हमी म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. ठरलेल्या मुदतीत वस्तू बिघडली तर कारखाना ती फुकट दुरुस्त करील किंवा बदलून देईल, असे लेखी वचन म्हणजे हमी. हे वचन आपण विकत घेतलेले असते. त्याचे पैसे वस्तूच्या किमतीत आलेले असतात.

म्हणून गाडीमालक रागावले. त्यांचे म्हणणे असे : तुम्हीच सांगितले की या गाडीत ऑइल नाही, प्लग नाही, बिघडण्यासारखे काही नाही. मग दर वर्षी सहाशे डॉलर कशाचे? कंपनी म्हणे, त्यात तपासणी आहे, ब्रेकचे पॅड आहेत, पाणी पुसायचे वायपर आहेत, रस्त्यात गाडी अडली तर मदत आहे. मालकांना ते पटले नाही. ब्रेक तर झिजतच नाहीत, आणि वायपर सहाशे डॉलरचे असतात काय?

ही कुरकुर चालू राहिली. शेवटी एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, वार्षिक तपासणी ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे मर्जीवर. तुम्ही गाडी एकदाही आमच्याकडे आणली नाही तरी हमी कायम राहील. पुढे २०१९ साली तर दरसाल तपासणीचा आग्रहही कंपनीने सोडला. जी गोष्ट २०१२ साली अगदी आवश्यक होती, ती सात वर्षांत अनावश्यक झाली! यावरून तुम्ही काय ते समजा.

अमेरिकेत १९७५ सालचा एक कायदा आहे. कारखानदाराने आपल्याच पैशाच्या सेवेची सक्ती करून त्यावर हमी टांगून ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. सेवा फुकट देत असाल तर सक्ती करा, पैसे घेत असाल तर करू नका, अशी साधी वाट त्या कायद्याने घातली.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडेही काही झाले आहे. भारतीय स्पर्धा आयोग नावाची एक सरकारी संस्था आहे. बाजारात मोठ्यांनी लहानांची अडवणूक करू नये, हे पाहणे तिचे काम. या आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारी बनवणाऱ्या १४ कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. कंपन्या सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीला देत नाहीत आणि बाहेर दुरुस्ती केली तर हमी सरसकट रद्द करतात, अशी तक्रार होती. आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजे आणि तो गाडीला हात लावतो एवढ्याच कारणाने हमी रद्द करू नये, असे बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या रकमेवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण मुद्दा जगजाहीर झाला.

सन २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी इंटरनेटवर एक ठिकाण सुरू केले. त्यात मोटारी आहेत, मोबाइल आहेत, घरातली यंत्रे आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत.

एवढे सगळे शहाणपण सांगतो आहे, तर माझी स्वतःची फजितीही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी पेन्शनच्या पैशातून विजेवरची स्कूटर घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. बॅटरीची हमी तीन वर्षांची होती. हातात एक पुस्तक दिले. अक्षर मुंगीच्या पायाएवढे आणि सगळे इंग्रजीत. दुकानातला मुलगा म्हणाला, "गुरुजी, इथं आणि इथं सही करा." मी चष्मा घरी विसरलो होतो. सही केली.

पहिल्या तीन तपासण्या फुकट होत्या. मी साताऱ्याला जाऊन त्या करून आणल्या. चौथी पैशाची होती. तिची तारीख आली तेव्हा घेवड्याची काढणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, वर पाऊस. म्हटले, गाडी तर चांगली चालते आहे, बघू पुढे. पुढे काही महिन्यांनी गाडीची ताकद घटली. पहिल्यांदा कोरेगावाहून साताऱ्याला जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर झाले तरी बॅटरी शिल्लक राही. आता जाईपर्यंतच जीव टांगणीला.

दुकानात गेलो. मॅनेजर भला माणूस होता, पण त्याने पुस्तक उघडून बोट ठेवले. "गुरुजी, चौथी सर्व्हिसिंग चुकली. हमी संपली." मी म्हटले, "अरे, ब्रेक आणि टायर तपासायचे राहिले म्हणून बॅटरी कशी मरेल?" तो म्हणाला, "ते मला माहीत नाही. नियम आहे."

घरी आलो तर पुतण्या म्हणतो, "नाना, तुम्ही आयुष्यभर पोरांना सांगितलंत, वाचल्याशिवाय सही करू नका." मी काय बोलणार?

मग मी कागद घेऊन बसलो. कंपनीला अर्ज लिहिला. त्यात भांडण केले नाही. एकच प्रश्न विचारला : चौथ्या तपासणीत तुम्ही बॅटरीचे नेमके कोणते काम करणार होता, जे न झाल्यामुळे ती बिघडली? त्याचे उत्तर लेखी द्या. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोच जपून ठेवली. तीन महिने गेले, आणखी दोन पत्रे गेली. शेवटी नव्या बॅटरीचे निम्मे पैसे त्यांनी सोसले, निम्मे मी भरले. मी पुरता जिंकलो असे नाही. पण तो प्रश्न विचारला नसता तर सगळेच पैसे गेले असते. आणि तारीख मी चुकवली होती, हेही खरेच.

अशी वेळ तुमच्यावर आली तर काय कराल? १९१५ हा ग्राहकांच्या मदतीचा टेलिफोन नंबर आहे. तिथे मराठीतून बोलता येते. त्याने भागले नाही तर साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला फी पडत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. पावती, हमीचे पुस्तक, तपासणीच्या नोंदी आणि पत्रांच्या नकला हाताशी हव्यात. त्याच कायद्यात अन्याय्य करार म्हणजे काय, हेही सांगितले आहे. गिऱ्हाइकावर एकतर्फी, अवाजवी बोजा टाकणारी शर्त त्यात मोडते. पण नुसत्या शर्तीविरुद्ध दाद मागायची तर ती राज्य आयोगापुढे मागावी लागते.

आता दिवस पालटत आहेत. लिथियमची बॅटरी फार स्वस्त झाली. आपल्या वीजबिलात जे युनिट असते, तेवढी एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला २०१० साली हजार डॉलरहून जास्त पडत. २०२४ साली तीच सुमारे ११५ डॉलरवर आली. त्यामुळे कारखानदारांचाही धीर वाढला. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली टाटांची नेक्सॉन ही विजेची गाडी जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवरची हमी दिली होती. "जे आधी होईल" हे शब्द लक्षात ठेवा. पुष्कळ लोक "आठ वर्षे" एवढेच वाचतात.

पण दरमहाची शर्त संपली असे समजू नका. ती नवे कपडे घालून आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर नावाची विजेची गाडी काढली. बॅटरीसह तिची किंमत सांगितली १३ लाख ५० हजार रुपयांच्या आसपास. बॅटरी भाड्याने घेतली तर गाडी सुमारे १० लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. हा प्रकार रोजंदारीसारखा दिसतो. पण रोजंदारीतही काही मुकादम म्हणतात, महिन्यात इतके दिवस काम द्यायलाच पाहिजे. तसे महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे धरले आहेत, हे विचारून घ्यावे. ते भाडे कंपनीला द्यायचे की कर्ज देणाऱ्या संस्थेला, आणि दोन महिने थकले तर काय होईल, हेही विचारावे. तोंडी उत्तर ऐकून उठू नये. कागदावर कुठे लिहिले आहे ते दाखवा म्हणावे.

सभासदांनी वर्गात हा हिशेब सोडवावा. विंडसर गाडीच्या २०२४ सालच्या दोन किमतींत साधारण साडेतीन लाखांचा फरक होता. भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. तर किती किलोमीटर चालल्यावर भाड्याची रक्कम त्या फरकाएवढी होईल? कर्जाचे व्याज सध्या धरू नका. मग दुसरा प्रश्न. एक गृहस्थ महिन्यातून पंचवीस दिवस कोरेगावाहून साताऱ्याला जाऊन येतो, रोज चाळीस किलोमीटर. त्याला तेवढे किलोमीटर व्हायला किती वर्षे लागतील?

पहिल्याचे उत्तर एक लाख किलोमीटर. दुसऱ्याचे उत्तर आठ वर्षे चार महिने. ज्यांचे उत्तर जुळले नाही त्यांनी महिन्याचे किलोमीटर पुन्हा मोजावेत. ते एक हजार यायला हवेत.